साधी गाठ, पण परत येईल का?

१९१० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हार्वे कुशिंग यांनी लिओनार्ड वुड या अमेरिकी सेनाधिकाऱ्याच्या कवटीतून एक गाठ काढली. वुड यांना झटके येत होते, शरीराची एक बाजू दुबळी होत चालली होती. मेंदूच्या शस्त्रक्रियेतून रोगी जगेल याची हमी कोणीच देऊ शकत नसे, असे ते दिवस होते. वुड बरे झाले, त्याच वर्षी अमेरिकी लष्कराचे प्रमुख झाले, १९२० साली रिपब्लिकन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढले आणि पुढे फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल म्हणून गेले. या सगळ्या वर्षांत कवटीच्या आत मात्र तीच गाठ हळूहळू पुन्हा वाढत होती. ऑगस्ट १९२७ मध्ये बोस्टनला कुशिंग यांनीच तिच्यावर पुन्हा शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर लगेचच वुड गेले.

मधल्या काळात, १९२२ साली, कुशिंग यांनी या जातीच्या गाठीला नाव दिलं होतं: मेनिंजिओमा. मेंदूभोवती तीन आवरणं असतात. त्यातल्या मधल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या आवरणातल्या पेशींपासून ही गाठ तयार होते. ती मेंदूच्या आत उगवत नाही, बाहेरून मेंदूवर रेलते. म्हणून कित्येकदा वर्षानुवर्षं तिचा पत्ताच लागत नाही. पडल्यावर किंवा डोकेदुखीसाठी काढलेल्या स्कॅनमध्ये ती अचानक दिसते. कवटीच्या आत मुळातच सुरू होणाऱ्या गाठींमध्ये हीच सर्वात जास्त आढळते. अमेरिकेतल्या नोंदींनुसार अशा दर दहा गाठींपैकी जवळपास चार मेनिंजिओमा असतात, आणि बायकांमध्ये त्यांचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त आहे.

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभराने बायोप्सीचा रिपोर्ट येतो. त्यावर ‘मेनिंजिओमा, ग्रेड १’ असं लिहिलेलं असतं. डॉक्टर सांगतात, ‘साधी गाठ आहे, कॅन्सर नाही.’ घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो आणि तो पडावाच, कारण सुमारे ८० टक्के मेनिंजिओमा याच वर्गातले असतात. त्यातल्या बहुतेक पूर्ण निघाल्या की पुन्हा त्रास देत नाहीत. पण थोड्या वेळाने कोणीतरी हळूच विचारतं, ‘परत येणार नाही ना?’ या प्रश्नाचं उत्तर ‘साधी’ या शब्दात नाही. शंभर वर्षं ते आपण दोनच गोष्टींवरून अंदाजाने देत आलो: सर्जनने गाठ किती काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती कशी दिसली.

पहिली गोष्ट डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ साली मोजून दाखवली. गाठ, ती जिथे चिकटली होती ते आवरण आणि बिघडलेलं हाड, हे सगळं काढलं तर गाठ परतण्याचं प्रमाण त्यांच्या रुग्णांमध्ये सुमारे ९ टक्के होतं. जितकं मागे राहील तितकं ते चढत जात होतं. त्यांनी केलेली पाच पायऱ्यांची वर्गवारी आजही सर्जनच्या नोंदींत ‘सिम्पसन ग्रेड’ म्हणून येते. पण डोळ्यांच्या नसांजवळ, कवटीच्या तळाशी किंवा मोठ्या रक्तवाहिनीला मिठी मारून बसलेली गाठ पूर्ण काढणं कधी कधी शक्यच नसतं. ती ओढून काढायला गेलं तर दृष्टी जाईल किंवा तोंड वाकडं होईल, हे अनुभवी सर्जनला माहीत असतं. म्हणून तो जाणूनबुजून थोडी मागे ठेवतो. त्या मागे राहिलेल्या तुकड्याचं पुढे काय होणार, हे मात्र त्याला हाताने जाणवत नाही.

दुसरी गोष्ट सूक्ष्मदर्शकाची. गाठीचा कापलेला पातळ थर रंगवून पॅथॉलॉजिस्ट पाहतात. पेशींची रचना कशी आहे, किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत सापडतात, गाठ मेंदूच्या ऊतीत घुसली आहे का, हे तपासतात. ठरावीक दहा क्षेत्रांत विभाजनातल्या चार पेशी दिसल्या तर ग्रेड २, वीस दिसल्या तर ग्रेड ३. इथेच अडचण आहे. तीन आणि चार यांच्यात गाठीच्या स्वभावात काही उडी नसते, ती रेघ आपण ओढलेली असते. थर गाठीच्या कुठल्या भागातून घेतला यावर आकडा बदलतो, आणि दोन चांगले पॅथॉलॉजिस्ट एकाच स्लाइडवर वेगळं मत देऊ शकतात. यात कोणाची हयगय नसते. सूक्ष्मदर्शकाला पेशीचं आजचं रूप दिसतं, तिच्या जनुकांत काय बिघडलं आहे ते दिसत नाही.

ते पाहण्याचा पहिला दरवाजा अनपेक्षितपणे लवकर उघडला होता. १९६७ साली झांग आणि सिंगर यांनी मेनिंजिओमाच्या पेशींतली गुणसूत्रं मोजली, तेव्हा पुन्हा पुन्हा एकच गोष्ट आढळली: सर्वात लहान गुणसूत्रांपैकी एक गायब, आणि ते बाविसावं असल्याचं पुढे पक्कं झालं. रक्ताचे कॅन्सर सोडून बाकी गाठींमध्ये इतक्या सातत्याने दिसणारा गुणसूत्रीय बिघाड तेव्हा जवळपास नवीनच होता. त्या गुणसूत्रावर नेमकं काय आहे हे कळायला १९९३ उजाडलं. तिथे एनएफ२ नावाचं जनुक सापडलं. ते मर्लिन नावाचं प्रथिन बनवतं आणि हे प्रथिन पेशींना शेजाऱ्यांच्या गर्दीत वाढ थांबवायला लावतं. मर्लिन गेलं की तो लगाम सुटतो. निम्म्याच्या आसपास मेनिंजिओमांमध्ये हे जनुक बिघडलेलं किंवा हरवलेलं असतं.

उरलेल्या निम्म्यांचं काय, हा प्रश्न २०१३ साली सुटायला लागला. येल विद्यापीठातल्या मुरात गुनेल यांच्या गटाने आणि बोस्टनमधल्या दुसऱ्या एका गटाने जवळपास एकाच वेळी नवी जनुकं दाखवली: एकेटी१, एसएमओ, ट्रॅफ७, केएलएफ४. मला सर्वात मोहवणारी गोष्ट अशी की हे बिघाड गाठ कुठे आहे त्याच्याशी जुळतात. डोक्याच्या वरच्या गोलाईवरच्या आणि मागच्या बाजूच्या गाठींमध्ये बहुधा एनएफ२चा बिघाड सापडतो. कवटीच्या तळाशी, पुढच्या भागात, नाकाच्या वरच्या हाडाजवळ एसएमओ आणि एकेटी१ दिसतात. केएलएफ४ आणि ट्रॅफ७ एकत्र बिघडले की ‘सिक्रिटरी’ नावाचा प्रकार तयार होतो. ही गाठ लहान आणि ग्रेड १ असली तरी तिच्याभोवती मेंदूला खूप सूज येते. म्हणजे एमआरआयवर गाठ छोटी दिसते आणि रुग्ण मात्र तिच्या मानाने फार आजारी असतो, अशा विसंगतीचा उलगडा जनुकांतून होतो. आवरणाच्या वेगवेगळ्या भागांतल्या पेशी गर्भावस्थेत वेगवेगळ्या उगमांतून येतात. त्यामुळे प्रत्येक भागाचा कमकुवत दुवा वेगळा असावा, हे स्पष्टीकरण बहुतेक संशोधकांना पटतं.

रुग्णाच्या दृष्टीने खरं वळण २०२१ साली आलं. जागतिक आरोग्य संघटनेने मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती काढली आणि त्यात मेनिंजिओमाच्या बाबतीत एक ठळक नियम घातला. टर्ट जनुकाच्या सुरुवातीच्या नियंत्रक भागात ठरावीक बदल असेल किंवा सीडीकेएन२ए आणि २बी या जनुकांच्या दोन्ही प्रती गेल्या असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली गाठ कशीही दिसो, ती ग्रेड ३ धरायची. टर्टमुळे पेशीला गुणसूत्रांची टोकं न झिजता अमर्याद विभाजन करता येतं. सीडीकेएन२ए हा विभाजनाचा ब्रेक आहे. हे बदल थोड्याच गाठींत असतात, पण असतात तेव्हा गाठ लवकर परतते. अशा रुग्णाला ‘साधी गाठ’ म्हणून वर्षभराने या असं सांगून घरी पाठवणं हे त्याचं नुकसान आहे.

त्यानंतर तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने आणखी एक पाऊल टाकलं. पहिल्या गुणसूत्राचा आखूड बाहू, ज्याला १पी म्हणतात, तो गेलेला असेल आणि सोबत बाविसावं गुणसूत्र किंवा एनएफ२ बिघडलेलं असेल, तर ग्रेड १ वाटणारी गाठ ग्रेड २ समजावी, अशी शिफारस त्यांनी केली. माझ्या मते व्यवहारात ही शिफारस अधिक उपयोगी ठरेल. टर्टचे रुग्ण थोडे असतात. १पी गेलेले, वरवर निरुपद्रवी वाटणारे रुग्ण त्याहून पुष्कळ असतात आणि तेच आजपर्यंत निसटत आले आहेत.

याहून व्यापक पद्धत आहे मेथिलेशनची. आपल्या सगळ्या पेशींत जनुकांचा मजकूर एकच असतो, पण प्रत्येक पेशीत त्यातला काही भाग रासायनिक खुणा चिकटवून बंद ठेवलेला असतो. काही पानं एकमेकांना डकवलेल्या जाड ग्रंथासारखं हे आहे. कोणती पानं डकवली आहेत यावरून तो ग्रंथ कोणाच्या घरातला आहे आणि कोणाच्या हातात गेला होता, हे कळतं. आजच्या चिपवर अशा साडेआठ लाखांच्या आसपास जागा एकाच वेळी वाचता येतात. जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथल्या गटाने २०१७ साली जवळपास पाचशे मेनिंजिओमा अशा रीतीने वाचले आणि त्यांचे सहा गट पाडले: तीन सौम्य, दोन मधले, एक आक्रमक. या गटांवरून गाठ परतण्याचा अंदाज ग्रेडपेक्षा चांगला बांधता आला. ग्रेड १ लिहिलेल्या काही गाठी मधल्या गटात निघाल्या आणि त्या तशाच वागल्या. उलट ग्रेड २ लिहिलेल्या काही गाठी सौम्य गटातल्या होत्या. २०२१ साली टोरांटोच्या गटाने जनुकं, मेथिलेशन आणि प्रथिनं एकत्र पाहून चार प्रकार सांगितले, तर पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने तीन. गटांची नावं वेगळी असली तरी चित्राचा गाभा सारखाच आहे. एनएफ२ शाबूत असलेल्या गाठी बहुधा सौम्य असतात, भराभर विभाजन करणाऱ्या सर्वात वाईट असतात.

आता या सगळ्याने रुग्णाच्या आयुष्यात काय बदलतं? सर्वात आधी बदलतो रेडिएशनचा निर्णय, ज्याला आपल्याकडे लोक ‘लाईट देणं’ म्हणतात. ग्रेड ३ असेल तर लाईट द्यायची यावर वाद नाही. ग्रेड १ पूर्ण निघाली तर द्यायची नाही, यावरही नाही. वाद असतो मधल्या रुग्णांचा. ग्रेड २, पण पूर्ण निघालेली. ग्रेड १, पण थोडी मागे राहिलेली. या रुग्णांबद्दल मोठमोठ्या केंद्रांतले डॉक्टरही एकमताने बोलत नाहीत. लाईट म्हणजे साधारण सहा आठवडे, रोज एक बैठक, सोमवार ते शुक्रवार. गडचिरोली किंवा धाराशिवहून आलेल्या माणसाला तेवढे दिवस मुंबईत काढायचे असतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातेवाइकांच्या खोलीत सोय लावायची, शेती आणि मजुरी सोडायची. शिवाय पुढे थकवा, कधी स्मरणावर परिणाम, गाठ पिट्यूटरीजवळ असेल तर संप्रेरकांचा बिघाड. ज्याला गरज नाही त्याला हे देऊ नये आणि ज्याला गरज आहे त्याला उशीर करू नये. रेणूंच्या पातळीवरची तपासणी नेमकी इथे कामाला येते. २०२३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने बारा संस्थांमधल्या अठराशेहून अधिक गाठींवर ३४ जनुकांची चाचणी करून पाहिली. तिच्या आधारे सुमारे ३० टक्के रुग्णांच्या बाबतीत लाईटचा निर्णय अधिक नेमका करता आला असता, असं त्यांना आढळलं. हे काम मुख्यतः जुन्या गाठींवर मागे वळून केलेलं आहे, हे लक्षात ठेवायला हवं. तरी दिशा स्पष्ट आहे.

दुसरा बदल तपासणीच्या वेळापत्रकात होतो. सौम्य रेणवीय प्रकाराच्या रुग्णाला दर काही महिन्यांनी एमआरआयच्या धास्तीत जगण्याची गरज नसते. १पी गेलेल्या रुग्णाला मात्र जवळच्या अंतराने स्कॅन करायला हवा, म्हणजे गाठ परतली तर ती लहान असतानाच सापडेल.

औषधांच्या बाबतीत फार आशा दाखवणं मला पटत नाही. मेनिंजिओमात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे ग्राही (रिसेप्टर) असतात, म्हणून ते रोखणारं मिफेप्रिस्टोन मोठ्या चाचणीत दिलं गेलं आणि त्याचा उपयोग झाला नाही. आता अमेरिकेतल्या एका चाचणीत गाठीतला बिघाड पाहून औषध ठरवलं जातं: एसएमओ असेल तर एक, एकेटी१ असेल तर दुसरं, एनएफ२ असेल तर तिसरं. एनएफ२ बिघडलेल्या ग्रेड १ गाठी औषधावर असताना सहा महिने बहुतांशी वाढल्या नाहीत, हा त्यातला आशा देणारा निकाल. एकेटी१ असलेल्या, कवटीबाहेरही पसरलेल्या एका दुर्मीळ मेनिंजिओमाला एकेटीरोधक औषधाने वर्षाहून जास्त आवर घातला, हेही नोंदलेलं आहे. पण रोजच्या व्यवहारात हे औषध द्या असं म्हणण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही. शस्त्रक्रिया आणि गरजेप्रमाणे लाईट, हेच आजचे खरे उपचार आहेत.

बायकांसाठी एक वेगळा धागा महत्त्वाचा आहे. काही प्रोजेस्टेरॉनसदृश औषधं जास्त मात्रेत आणि दीर्घकाळ घेतली तर मेनिंजिओमाचा धोका वाढतो, हे फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं. सायप्रोटेरॉनची मोठी मात्रा त्यातली सर्वात ठळक. अशा गाठी अनेकदा कवटीच्या तळाशी असतात आणि त्यांच्यात पीआयके३सीए नावाच्या जनुकाचा बदल नेहमीपेक्षा जास्त वेळा सापडतो. औषध बंद केल्यावर यातल्या पुष्कळ गाठी वाढायच्या थांबतात, काही लहानही होतात. म्हणजे कवटी न उघडता प्रश्न सुटू शकतो. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन वर्षभराहून अधिक घेतलेल्या बायकांमध्ये धोका सुमारे साडेपाच पट दिसला, असं २०२४ साली ‘बीएमजे’मध्ये छापून आलं. हेच इंजेक्शन आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत ‘अंतरा’ नावाने मोफत मिळतं. त्या अभ्यासात हे इंजेक्शन घेणाऱ्या बायका मोजक्याच होत्या आणि मुळात मेनिंजिओमा दुर्मीळ आहे, त्यामुळे प्रत्यक्ष धोका फार लहान राहतो. नको असलेल्या गर्भधारणेचे धोके त्याहून कितीतरी मोठे आहेत. हे वाचून कोणी इंजेक्शन आपणहून बंद करू नये. मात्र मेनिंजिओमा असलेल्या बाईने आपण कोणती संप्रेरकं घेतली हे न्यूरोसर्जनला आवर्जून सांगावं, आणि सर्जनने ते आवर्जून विचारावं. आपल्याकडे हा प्रश्न केस पेपरवर फारसा येत नाही.

कुटुंबाचाही विचार करायला हवा. मुलाला किंवा विशीतल्या तरुणाला मेनिंजिओमा झाला, किंवा एकाच वेळी अनेक गाठी सापडल्या, तर बिघाड जन्मजात असू शकतो. एनएफ२चा आनुवंशिक आजार, स्मार्सई१ किंवा बॅप१ जनुकातले जन्मजात बदल, हे भावंडांनाही लागू पडू शकतात. अशा वेळी जनुकीय सल्लागाराची भेट घेणं टाळू नये.

महाराष्ट्रातल्या रुग्णाने यातलं काय करावं? प्रत्येक गाठीची प्रत्येक चाचणी करायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. सत्तरीतल्या माणसाची डोक्याच्या वरची गाठ पूर्ण निघाली, सूक्ष्मदर्शकाखाली शांत दिसली, तर महागड्या चाचणीने त्याच्या उपचारात काहीच बदलणार नाही. चाचणी हवी ती ग्रेड १ आणि २ यांच्या सीमेवरच्या गाठीला, ग्रेड २ पूर्ण निघालेल्या गाठीला, परत आलेल्या गाठीला आणि वयाच्या मानाने लवकर आलेल्या गाठीला. सगळंच महाग नसतं, हेही सांगायला हवं. एच३के२७एमई३ आणि एमटॅप या पेशींतल्या खुणा रंगवून पाहणं बऱ्याच चांगल्या प्रयोगशाळांना जमण्यासारखं आहे. पहिली खूण नाहीशी झाली असेल तर गाठ परतण्याची शक्यता वाढते, दुसरी नाहीशी झाली असेल तर सीडीकेएन२ए गेल्याचा संशय घ्यायचा. १पी आणि टर्टची तपासणी त्यानंतरची पायरी. मेंदूच्या गाठींच्या अशा रेणवीय तपासण्या मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बेंगळुरूचं निम्हान्स यांसारख्या केंद्रांत होतात.

त्यासाठी रुग्णाला स्वतः प्रवास करावाच लागतो असंही नाही. काढलेली ऊती फॉर्मालिनमध्ये बुडवून मग मेणाच्या लहान ठोकळ्यात बसवतात. त्याला पॅथॉलॉजीत ब्लॉक म्हणतात. हा ब्लॉक पाठवता येतो, आणि कित्येक वर्षांनंतरही त्यातून बहुतेक तपासण्या करता येतात. पण तो मिळायला हवा. रिपोर्टचा कागद जपून ठेवणारे लोक ब्लॉक मागायचं विसरतात आणि प्रयोगशाळा तो ठरावीक काळानंतर टाकून देतात. म्हणून घरी जाताना ब्लॉकचा नंबर लिहून घ्यावा, तो किती वर्षं ठेवला जाईल हे विचारावं आणि टाकायच्या आधी आपल्याला द्यावा असं लेखी सांगावं. गाठ परत आलीच तर जुना ब्लॉक आणि नवी ऊती शेजारी ठेवून पाहता येतात. नवा बदल आता घडला की पहिल्या दिवसापासून होता, हे त्यातूनच कळतं, आणि पुढची लाईट द्यायची का, स्कॅन किती जवळ घ्यायचे, हे त्यावर ठरतं.